नवीन काय, आणि अजून काय जमत नाही



आपल्या या अंकात सणांची माहिती येते, सहलीची वर्णने येतात, पाककृती येतात. या वेळी बाईंनी मला "तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा, पण मुलांना कळेल असे" सांगितले. सॉफ्टवेअरचे काम करणारे पालक आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. "बाबा ऑफिसात दिवसभर काय करतात?" असे विचारले, की बहुतेक मुले "टाइप करतात" असे उत्तर देतात. ते काही अगदीच खोटे नाही! पण टाइप करण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त वेळ टाइप केलेले नीट का चालत नाही हे शोधण्यात जातो. या शोधासाठी आमच्याकडे एक हत्यार असते. त्याचे नाव डीबगर. आज त्या हत्याराविषयी, आणि त्याची नवी आवृत्ती निघते तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या दोन याद्यांविषयी लिहितो.

आपला वर्ग बुओना व्हिस्टाला भरतो. हे नाव इटालियन आहे आणि त्याचा अर्थ 'चांगले दृश्य' असा होतो. डीबगरचे कामही तेच. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात काय चालले आहे ते तो आपल्याला नीट दाखवतो.

आधी 'बग' या शब्दाची गोष्ट. बग म्हणजे किडा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बनवलेल्या 'मार्क २' नावाच्या अवाढव्य संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी खरोखरीचा एक पतंग सापडला. तो आतल्या एका रिलेत अडकला होता. तिथल्या लोकांनी तो पतंग काढून कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहे. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी. विजेच्या दिव्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात हा शब्द त्याच अर्थाने वापरला होता. म्हणून दोष शोधून काढण्याला डीबगिंग म्हणतात आणि त्यासाठी मदत करणाऱ्या प्रोग्रॅमला डीबगर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गणेशोत्सवाला वर्गातल्या १२ मुलांना प्रत्येकी एक लाडू वाटायचा आहे आणि ते काम आपण एका प्रोग्रॅमला दिले. त्याने १२ लाडू वाटले आणि मग तक्रार केली, "तेरावा लाडू कुठे आहे?" मुले १२, लाडू १२, मग हा तेरावा आला कुठून? नुसते वाचून कळत नाही. मग आपण डीबगर काढतो. लाडू वाटण्याच्या ओळीवर एक खूण करून सांगतो, की इथे आलास की थांब. बसचा थांबा असतो ना, तसाच हा थांबा. प्रोग्रॅम तिथे थांबतो. आपण विचारतो, "आता तू कितव्या मुलापाशी आहेस?" तो म्हणतो, "शून्याव्या!" झाले, उलगडा झाला. संगणकातले लोक बहुधा मोजणी शून्यापासून सुरू करतात. कोणीतरी 'शून्यापासून बारापर्यंत' असे लिहून ठेवले, आणि शून्य धरून ते तेरा होतात. बोटांवर मोजून पाहा.

एक लक्षात ठेवा, डीबगर दोष काढत नाही. तो थांबवतो, दाखवतो, एकेक पाऊल पुढे नेतो. विचार आपल्यालाच करावा लागतो. मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर एफ-७ हे बटण दाबले की प्रोग्रॅम एक ओळ पुढे सरकायचा. प्रयोगशाळेत एका संगणकावर आम्ही तिघे बसत असू. एकजण बटण दाबणार, दुसरा वहीत आकडे लिहिणार आणि तिसरा "थांब, थांब, मागे जा!" म्हणून ओरडणार. पण मागे जाता येत नसे. दोषाची जागा ओलांडून एक पाऊल जरी पुढे पडले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही मागे जाण्याची सोय पुढे आली. जगभर वापरला जाणारा एक डीबगर आहे, जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला, आणि तेव्हापासून तो सर्वांना फुकट मिळतो. त्याची ७.० ही आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये निघाली. तिच्या नव्या सोयींच्या यादीत प्रोग्रॅम उलटा चालवण्याची सोय होती. म्हणजे तेरावा लाडू मागितला गेला त्या क्षणी थांबायचे आणि तिथून एकेक पाऊल मागे जात चूक कुठे सुरू झाली ते पाहायचे. प्रयोगशाळेतल्या आमच्या तिसऱ्या मित्राचे मागणे इतक्या वर्षांनी मान्य झाले म्हणायचे!

अशी सोय आली की माणूस हरखून जातो आणि लगेच वापरायला धावतो. इथेच दुसरी यादी उपयोगी पडते. जीडीबीच्या मूळ सामानात बराच काळ दोन फायली शेजारी शेजारी येत असत. एकीचे नाव 'न्यूज' आणि दुसरीचे नाव 'प्रॉब्लेम्स'. पहिलीत नवीन काय आले ते, आणि दुसरीत काय अजून नीट चालत नाही ते. दोन्ही लिहिणारे त्याच घरचे लोक. कोणी बाहेरच्याने काढलेल्या त्या खोड्या नव्हेत.

उलट चालण्याच्या सोयीलाही मर्यादा आहेत, आणि त्या सोबतच्या पुस्तिकेत सांगितलेल्या आहेत. पहिली मर्यादा अशी, की मागे जायचे असेल तर आधीपासून नोंद चालू केलेली हवी. जे नोंदवलेच नाही तिथे परत जाता येत नाही. दुसरी, ही नोंद ठेवायची वही लहान असते. आपण काही बदल केला नाही, तर तीत दोन लाख सूचना मावतात. दोन लाख म्हणजे आपल्याला खूप वाटतात, पण आजचा संगणक तेवढ्या सूचना डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आत संपवतो. तिसरी, नोंद चालू असली की प्रोग्रॅम गोगलगायीच्या चालीने चालतो, कारण प्रत्येक पावलाला थांबून लिहावे लागते. चौथी, नव्या प्रोसेसरमधल्या काही सूचना त्याला बरीच वर्षे समजत नसत. तशी सूचना आली की "ही मला नोंदवता येत नाही" असे सांगून तो तिथेच थांबे. आणि पाचवी मर्यादा मला सर्वांत आवडते. प्रोग्रॅमच्या पोटातली गोष्ट मागे नेता येते, पण प्रोग्रॅमने बाहेर पाठवलेली गोष्ट परत घेता येईलच असे नाही. छापखान्यात कागद छापून झाला, पत्र निघून गेले, मग उलटे चाला की सुलटे, ते परत येत नाही. तोंडातून निघालेल्या शब्दाचेही तसेच, हे आजी सांगतेच.

मी कोणत्याही नव्या आवृत्तीची दुसरी यादी आधी वाचतो. पहिल्या यादीवरून आपल्याला काय मिळणार ते कळते. दुसरीवरून आपण कुठे फसणार ते कळते. नोकरीतल्या एका प्रसंगाने ही सवय मला पक्की लागली.

काही वर्षांपूर्वी आमचा गट एका गोदामासाठी प्रोग्रॅम सांभाळत होता. आलेल्या प्रत्येक मागणीला तो एक क्रमांक द्यायचा. आठ-दहा दिवसांतून एकदा दोन मागण्यांना एकच क्रमांक मिळे. एकदा एकाची औषधांची पेटी दुसऱ्याच घरी गेली, आणि ज्यांना औषध हवे होते त्यांना दोन दिवस वाट पाहावी लागली. तेव्हा मात्र सगळे खडबडून जागे झाले.

असे का होत असेल? समजा, घरी शीतकपाटात एकच मोदक उरला आहे. दादा दार उघडून पाहतो, मोदक आहे, म्हणून बशी आणायला जातो. तेवढ्यात ताई पाहते, मोदक आहे, म्हणून तीही बशी आणायला जाते. दोघांनाही वाटते मोदक आपला. एकाने पाहून उचलेपर्यंत दुसरा आलाच नाही, तर भांडण होत नाही. दोघे अगदी नेमक्या वेळी आले तरच होते. म्हणून तर आठ-दहा दिवसांतून एकदा!

हा दोष पकडण्यासाठी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने 'आरआर' नावाचा डीबगर घेतला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात तो तयार झाला आणि २०१४ साली सर्वांसाठी खुला झाला. प्रोग्रॅमची सगळी धाव तो नोंदवून ठेवतो, आणि नंतर हवी तितक्या वेळा पुढे-मागे चालवून दाखवतो, तीही जीडीबीच्या मूळ पद्धतीपेक्षा पुष्कळ वेगाने. सहकाऱ्याने तीन रात्री प्रोग्रॅम चालवला. एकदाही दोन सारखे क्रमांक आले नाहीत. चौथ्या दिवशी त्याने अहवाल लिहिला, की दोष आढळत नाही, मधल्या काळातल्या दुरुस्तीत तो आपोआप गेला असावा, सबब काम बंद करावे. सगळ्यांना हायसे वाटले.

आमच्या गटाच्या प्रमुख एक सिंगापुरी चिनी बाई होत्या. शांत स्वभावाच्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी अहवाल वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "मर्यादांचे पान वाचले का?" त्या पानावर लिहिले होते, की आरआर संपूर्ण प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालवतो. म्हणजे घरात एका वेळी एकालाच हलू देतो. मग दादा-ताईची शीतकपाटापाशी गाठ पडणार कशी? तीन रात्रींची शांतता खरी होती, पण तिच्यावरून दोष गेला असे म्हणता येत नव्हते. दिसले नाही म्हणजे नाही, असे नव्हे.

पुढची गंमत ऐका. हीच अडचण आरआर बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती, कारण त्यांनीच ती लिहून ठेवली होती. तिच्यावर उपाय म्हणून २०१६ साली त्यांनी एक नवी सोय आणली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो गोंधळ! (संबळ वाजवणारा गोंधळ नव्हे, दुसरा.) ही सोय चालू केली की एका वेळी एकालाच हलू देतात खरे, पण कोणाला किती वेळ आणि कोणत्या क्रमाने, ते मुद्दाम उलटसुलट करतात. दादाने दार उघडले की त्याला तिथेच गोठवायचे आणि ताईला सोडायचे. आमच्या सहकाऱ्याने ती सोय लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारख्या क्रमांकांची जोडी नोंदीत अडकलेली होती. मग उलटे चालत जाऊन नेमकी ओळ सापडायला अर्धा तास पुरला. कालच्या 'मर्यादा' यादीतली ओळ आजच्या 'नवीन' यादीत आली ती अशी. ती आधी लिहून ठेवली नसती, तर तिच्यावर उपाय शोधायचे कोणाच्या मनात आले असते?

ही झाली ऑफिसातली गोष्ट. आता आपल्या दारातली सांगतो. बुओना व्हिस्टाचे स्टेशन १९८८ साली सुरू झाले, आणि २०११ पासून तिथे सर्कल लाइनची गाडीही थांबते. नकाशावर नारिंगी रंगाने दाखवतात तीच. या गाड्यांना चालक नसतो, त्या संदेशांवर चालतात. संदेश तुटला की सुरक्षिततेसाठी गाडीला आपोआप करकचून ब्रेक लागतो.

२०१६ साली ऑगस्टच्या अखेरीस, आणि पुन्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, या मार्गावरच्या गाड्या अशाच अचानक थांबू लागल्या. आज ही गाडी, उद्या ती. आज या स्टेशनजवळ, उद्या त्या. कशाचा कशाला मेळ नाही. कामाला निघालेल्या प्रवाशांचे फार हाल झाले, आणि कारण काही सापडेना. शनिवारी, ५ नोव्हेंबरला, सरकारच्या गवटेक या संस्थेतल्या तीन जणांनी, ली शांगछियान, डॅनियल सिम आणि क्लॅरेन्स एंग यांनी, सर्व घटनांची नोंद घेऊन तिचा अभ्यास केला. कोणती गाडी, कुठे, किती वाजता आणि कोणत्या दिशेला जाताना थांबली, एवढेच त्या नोंदीत होते.

त्यांनी एक आलेख काढला. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्टेशने, आणि प्रत्येक घटनेचा एक ठिपका. ठिपके विस्कळीत पडतील असे वाटले होते, पण ते तिरप्या रेषांत आले. आधी एका ठिकाणची गाडी थांबली, मग थोड्या वेळाने तिच्या मागची, मग तिच्याही मागची. जणू समोरून, उलट दिशेने, कोणीतरी येत होते आणि वाटेत भेटेल त्या गाडीला त्रास देत पुढे जात होते. म्हणजे गुन्हेगार शेजारच्या रुळावरून येणारी एखादी गाडीच असली पाहिजे!

पण कोणती? इथे नोंदीची मर्यादा आडवी आली. नोंद होती ती ज्या गाड्या थांबल्या त्यांची. जी गाडी त्रास देत होती तिला स्वतःला काहीच होत नव्हते, म्हणून तिचे नाव त्या यादीत सापडेना. ही मर्यादा त्या लोकांनी ओळखली आणि शोध दुसरीकडे वळवला. स्टेशनांवर गाड्या कधी आल्या-गेल्या त्याची चित्रफीत पाहून मेळ घातला, तेव्हा एक गाडी प्रत्येक वेळी जवळपास आढळली. तिचा क्रमांक पीव्ही ४६. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गाडी मुद्दाम चालवून खात्री करून घेतली. तिच्यातल्या संदेशयंत्रणेच्या बिघाडामुळे आसपासच्या गाड्यांचे संदेश तुटत होते. आता सर्कल लाइनच्या गाडीत बसाल तेव्हा ही गोष्ट आठवा. जी गाडी यादीत नव्हती, तिच्यातच दोष होता.

आता मराठीकडे येतो, म्हणजे बाई रागावणार नाहीत! डीबगरला आपली लिपी कशी दिसते ठाऊक आहे? दूरच्या एखाद्या सर्व्हरवर जिथे भाषेची मांडणी नीट केलेली नसते, तिथे डीबगरला 'म' दाखव म्हटले तर तो \३४०\२४४\२५६ असे काहीतरी दाखवतो (अर्थात इंग्रजी आकड्यांत). मुलांनो, घाबरू नका, तो 'म'च आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये ठेवतात, आणि ते तीन बाइट आठाच्या पाढ्याने मोजून लिहिले की असे दिसतात.

'मराठी' या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू तीन. म, रा, ठी. संगणकाची चिन्हे मोजली तर पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरतात. म, र, काना, ठ, वेलांटी. आणि बाइट मोजले तर पंधरा. तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. कोणता डीबगर यांपैकी काय मोजतो हे ठाऊक नसेल, तर माणूस नसलेला दोष शोधत बसतो. युनिकोडचीही अशीच मर्यादा होती. आपल्या 'ॲ' या अक्षराला, म्हणजे 'ॲपल'मधल्या पहिल्या अक्षराला, त्यात स्वतःची जागा २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये मिळाली. तोवर आपण दुसऱ्या चिन्हांवर वेळ भागवत होतो.

आता जरा घरगुती गोष्ट. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. याच वर्गात येते. मध्यंतरी तिने सांगलीच्या आजीशी फोनवर बोलणे जवळजवळ बंद केले. "हो", "नाही", "बरं", एवढेच. कारण विचारले तर सांगेना. पुढे कळले, की ती "माझा पुस्तक" म्हणाली तेव्हा पलीकडे बसलेला आतेभाऊ मोठ्याने हसला होता. तिकडे आजीला वाटू लागले, की नातीला आपल्याशी बोलायला आवडत नाही. मे महिन्यात सांगलीला जायचे होते, आणि दोघीही मनातून धास्तावलेल्या.

एके रात्री मी कामाचे काहीतरी वाचत होतो. ती शेजारी येऊन बसली आणि पडद्यावर काय आहे ते विचारू लागली. मी या दोन याद्यांविषयी सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला, कागद घेतला आणि आजीसाठी लिहिले. तिच्या परवानगीने इथे देतो. वर्गात बाईंनी शुद्धलेखन तपासून दिले आहे.

आवृत्ती ९.४ (नऊ वर्षे चार महिने)

नवीन सोयी: १. 'ळ' म्हणता येतो. बाळ, केळी, कावळा. २. जोडाक्षरे वाचता येतात, पण हळू. ३. पन्नासपर्यंत आकडे येतात.

ज्ञात मर्यादा: १. वस्तू तो, ती का ते, हे कळत नाही. २. एकोणतीस, एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांची अदलाबदल होते. ३. भराभर बोललेले समजत नाही. ४. कोणी हसले की प्रोग्रॅम बंद पडतो.

चौथी ओळ वाचून आम्ही दोघे आईवडील गप्प झालो. इतके दिवस आम्ही तिच्याकडून व्याकरणाचे तक्ते पाठ करून घ्यायचा विचार करत होतो. तक्त्याचा उपयोग पहिल्या मर्यादेला झाला असता. अडले होते ते चौथीपाशी.

कागदाचा फोटो आजीला पाठवला. दोन दिवसांनी आजीचा कागद आला, वळणदार अक्षरात लिहिलेला.

आवृत्ती ७४. नवीन सोयी: १. मोतीबिंदू काढला, आता तुझा चेहरा फोनवर स्वच्छ दिसतो. २. उजव्या कानाला यंत्र बसवले. ज्ञात मर्यादा: १. डाव्या कानाने ऐकू येत नाही. २. मलाही भराभर बोललेले समजत नाही. ३. मध्येच इंग्रजी आले की पुढचे वाक्य हरवते. ४. दुपारी दोन ते चार झोप लागते, तेव्हा फोन केलास की मी नीट बोलत नाही. तो राग नसतो.

ही चौथी ओळ आम्हाला नवीन होती. तिकडचे दोन ते चार म्हणजे आपले साडेचार ते साडेसहा. मुलगी शाळेतून येऊन, खाऊन, नेमकी त्याच वेळी फोन लावायची! आता फोन सात वाजता होतो. दोघी हळू बोलतात. आतेभावालाही आजीने याद्या दाखवल्या, आणि "तुझी कुठे आहे?" असे विचारले म्हणे. त्याने अजून दिलेली नाही.

इथे पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मुले घरी जाऊन म्हणतील, "पाढे येत नाहीत ही माझी ज्ञात मर्यादा आहे!" आमच्या धंद्यातही अशी लबाडी चालते. दुरुस्त करायचा कंटाळा आला की दोषाला 'मर्यादा' म्हणायचे आणि यादीत टाकून मोकळे व्हायचे. चांगल्या यादीची खूण अशी, की पुढच्या आवृत्तीत तिच्यातली निदान एक ओळ खोडलेली असते. खोडता येत नसेल, तर निदान तिच्यावरचा उपाय लिहिलेला असतो, जसा "सात वाजता फोन करा". वर्षानुवर्षे तीच यादी तशीच राहिली, तर तो आळस समजावा. माझ्या मुलीच्या यादीतून एकोणचाळीस आता खोडला गेला आहे. तो-ती-ते अजून आहे. 'हसले की बंद पडतो' यापुढे तिने स्वतःच पेन्सिलीने "थोडे थोडे सुधारते आहे" असे लिहिले आहे.

आणि एक गोष्ट मोठ्यांसाठी. यादी खरी लिहिली जावी असे वाटत असेल, तर ती वाचून हसायचे नाही. जीडीबीच्या 'प्रॉब्लेम्स' फायलीला जगातले लोक हसले असते, तर पुढच्या वेळी ती कोणी लिहिली नसती. मग आपण सगळे नव्या सोयींच्या भरवशावर अंधारात चाललो असतो.

आता मुलांसाठी कोडे. 'क्षत्रिय' या शब्दात अक्षरे किती, संगणकाची चिन्हे किती आणि बाइट किती? सूचना: 'क्ष'मध्ये क, पाय मोडल्याची खूण आणि ष अशी तीन चिन्हे असतात. 'त्रि'चा विचार तुम्ही करा. ते जमले की स्वतःच्या नावाची तिन्ही उत्तरे काढा. कागदाच्या मागच्या बाजूला तुमच्या मराठीच्या आवृत्तीच्या दोन याद्या लिहा, प्रत्येकी तीन ओळी पुरेत. कागद बाईंच्या टेबलावरच्या डब्यात टाका. कोड्याचे उत्तर पुढच्या अंकात देऊ. याद्या मात्र छापणार नाही, त्या ज्याच्या त्याला परत मिळतील. आईबाबांनीही लिहिल्या तर चालतील. डबा मोठा आहे.